मिस म्हंजे

‘‘हं, लाव कानाला,’’ म्हणत साहेबांनी माझ्या हातात केळं दिलं.

बंगल्यापुढच्या हिरवळीवर वेताच्या खुर्च्या. खुर्च्यांत पुण्याहून आलेले पाहुणे. मधोमध उभी मी. अशी पांढरीफटक पडले होते की बंगल्याला चुना कमी पडला असता तर मला फासून भागलं असतं.

‘‘बोल ना, मिस म्हंजे. समज, फोन आलाय.’’

केळं कानाला लावलं. ‘‘सर इज, म्हंजे, नॉट इन ऑफिस. यू, म्हंजे, होल्ड द लाइन हां का.’’

पाहुणे असे हसले की तिकडं राहात्याच्या बाजारात बैलांनी दावी तोडली असतील. बाईसाहेब डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘यू नो, शी इज, यू नो, टू मच!’’

त्यांच्या ‘यू नो’ला कुणी हसलं नाही. पुण्याची पाहुणी दर वाक्याला ‘अ‍ॅक्चुअली’ लावत होती, तिलाही नाही. ती त्यांची ढब होती. माझी चूक होती.

‘‘केळं ठेव तुला,’’ साहेब म्हणाले. जा, असा त्याचा अर्थ.

मी साखर कारखान्यात फोनच्या बोर्डावर होते. मॅट्रिक झालेली. नोकरी कच्ची, कायम करणं साहेबांच्या हातात. दुष्काळानं आमचा अख्खा बौद्धवाडा खडी फोडायला गेला होता. खुर्चीत बसून काम करणारी मी पहिलीच. ती खुर्ची मला रात्री स्वप्नात यायची, आणि दर स्वप्नात कुणीतरी ती काढून न्यायचं. बोर्डावर फोनचा खटका पडला की काळजात धोंडा पडायचा. मराठीत मी वाघाला गप्प करीन. इंग्रजीत पुढचा शब्द शोधायला जायचे आणि वाटेत ‘म्हंजे’चा आधार घ्यायचे. साहेब ते चोरून ऐकायचे, बंगल्यावर नक्कल करायचे. नकलेनं भागेना, तेव्हा मलाच बोलावलं.

केळं घेऊन घरी गेले. आई चुलीपुढं बसली होती.

‘‘कुनी दिलं?’’

‘‘साहेबांनी. बंगल्यावर.’’

‘‘घरात बसवून दिलं, का अंगनात उभं करून?’’

मी केळं तिच्यापुढं धरलं. आईनं ते घेतलं नाही. माझ्या लहानपणी ती सणासुदीला टोपलं घेऊन गावात भाकरी मागायला जायची. अंगणात लांब उभं राहायचं, मालकीण वरून टाकायची. धर्म घेतला त्या दिवशी आईनं ते टोपलं चुलीत घातलं होतं.

‘‘अंगनात उभं राहून आनलेलं ह्या घरात शिजत न्हाई आन् खाल्लंबी जात न्हाई,’’ आई म्हणाली. ‘‘मॅट्रिक होऊन तू पुन्हा तिथंच गेलीस व्हय गं?’’

मला वाटलं होतं, माझं इंग्रजी कच्चं म्हणून हसतात. तसं नव्हतं. त्यांना अंगणात उभं करायला कुणीतरी लागत होतं.

पुढच्या शनिवारी साहेब बोर्डाच्या खोलीत आले. ‘‘संध्याकाळी बंगल्यावर ये. मुंबईचे पाहुणे आहेत. तो फोन करून दाखव.’’

‘‘न्हाई येनार, साहेब.’’

‘‘काय?’’

‘‘कामाचं सांगा, करते. बंगल्यावर न्हाई येनार.’’

पाय असे कापत होते की गोदावरीवरचा पूलही हलला असेल.

‘‘नोकरी कच्ची आहे तुझी. विसरलीस?’’

‘‘न्हाई विसरले. काढायचं तर लिहून काढा. कारन बी लिहा.’’

दार आपटून साहेब गेले.

मी रडले. घाम पुसला. भीती कुठंही गेली नव्हती. व्हरांड्यात कुणाचीही चप्पल वाजली की वाटायचं, आला कागद. सोमवारी सकाळी तरी वेळेआधी गेले, कानाला हेडफोन चढवला आणि बसले. एवढं मात्र ठरवलं होतं. उठवायचं असेल तर दंडाला धरून, सगळ्या हापिसासमोर उठवावं लागेल. आपल्या पायांनी मी तिथून उठणार नव्हते.