दिवा विझल्यानंतरची आठ मिनिटं

मागच्या मे महिन्यात तुमच्या काकाच्या पोल्ट्रीत काय झालं, ते तुम्हाला फोनवर अर्धवटच कळलं. तुमच्या बाबांनी विचारलं तेव्हा काका माझ्यासमोर बसला होता, म्हणून मी नुसतं "आता ठीक आहे" म्हणाले. तुम्ही दोघं सावकाश का होईना मराठी वाचता, तेव्हा ते क्रमाने लिहून काढते.

आपलं शेत करंजीच्या घाटाच्या वर, नगरच्या बाजूला. तिथे काकाची शेड आहे आणि त्या वेळी तीत पाच हजार कोंबड्या होत्या. धंद्यातले लोक त्यांना कोंबड्या म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात. पक्षी पस्तीस दिवसांचे झाले होते, दोन-दोन किलोचे, आणि चार दिवसांनी कंपनीची गाडी येऊन ते नेणार होती. एवढ्या वजनाच्या पक्ष्याला उन्हाळ्यात डोक्यावर पंखा आणि पाण्याचा बारीक फवारा लागतोच. कोंबडीला घाम येत नाही. ऊन वाढलं की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, आणि तेवढ्याने भागलं नाही की बसल्या जागी मरते.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला शेतावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर जळाला. शेडवरचा जनरेटर सुरू केला, तर तो वीस मिनिटं चालला आणि धूर काढून बसला. मिस्त्री म्हणाला, दोन दिवस लागतील. लग्नसराई असल्यामुळे आसपासच्या मांडववाल्यांचे जनरेटर सगळे कामावर. एकच शिल्लक होता, पाथर्डीत, आणि त्याचा मालक काकाला फोनवर नाही म्हणाला होता. तो कधीकाळी माझ्या आठवीच्या वर्गात बसलेला. मी फोन हातात घेतला आणि माझा आवाज ओळखून तो म्हणाला, "बाई, तुम्ही आहात होय? या, घेऊन जा. उद्या संध्याकाळी तेवढा परत करा."

म्हणून मी बरोबर गेले. मी समोर उभी असले की त्याला शब्द फिरवता येणार नाही, असं काकाचं म्हणणं.

आपली पिकअप तुम्ही फोटोत पाहिली आहे. काकाच्या डाव्या पायात रॉड आहे, क्लच दाबवत नाही, म्हणून ती ऑटोमॅटिक घेतली. तिच्याबरोबर चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक आलं. घरात ते कुणी उघडेना, तेव्हा मी पंधरा दिवस पेन्सिल घेऊन ते वाचून काढलं. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमची आई गाडीच्या परीक्षेला बसली हाय." ते पुस्तक पुढच्या कप्प्यात असतं.

जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला होता. तो पिकअपच्या मागच्या हुकाला जोडला, वरून साखळी गुंडाळली. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता. वजन किती, विचारल्यावर मांडववाला म्हणाला, "असेल टन-दीड टन, बाई. गाडी वढंल की." आम्ही बाराच्या सुमाराला निघालो. बाहेर त्रेचाळीस तापमान होतं. माझ्यासाठी काकाने एसी पूर्ण वाढवला आणि गाडी पळवली. चढ आला की गाडी आपोआप खालचा गिअर घ्यायची, चढ संपला की वरचा, पुन्हा खालचा. तिचं काही ठरत नव्हतं. मागून ट्रॉली दर धक्क्याला ढकलत होती.

करंजीच्या अलीकडे काकूचा फोन आला. तिने शेडच्या बाजूंना ओली पोती लावली होती, आणि दोन बायका पाठीवरचे पंप घेऊन पाणी मारत होत्या. ती स्वतः पक्ष्यांमधून चालत होती. माणूस मधून चाललं की पक्षी उठतात, अंगाखाली कोंडलेली ऊब सुटते. "आई, दहा-बारा पडलेत," ती म्हणाली. "कोपऱ्यातले उठवलं तरी उठंनात." तिच्या बोलण्यामागे एक घरघर ऐकू येत होती. ती हजारो चोचींची होती, हे मला जरा वेळाने कळलं.

फोन ठेवला आणि समोर लाल दिवा लागला. दातेरी चाक आणि त्यात थर्मामीटर, असं चित्र. मी ते पुस्तकात पाहिलं होतं.

"गिअरबॉक्सचं तेल तापलंय," मी म्हणाले. "थांबव."

"इंजिनाचा काटा मधोमध हाय. सेन्सर येडा झाला असंल."

"हा इंजिनाचा नाही. थांब सांगतंय पुस्तक."

"मग पुस्तकाला सांग, तिकडं पक्षी मरायला लागल्यात."

मी पान काढून मोठ्याने वाचलं, मराठी करत: असंच चालवत राहिलात तर गिअर सुटू शकतो, गाडी ओढणं थांबवू शकते. समोर घाट दिसत होता. घाटाच्या पायथ्याशी रसवंतीचं छप्पर आलं तिथे काकाने गाडी सावलीला घेतली आणि चावीला हात घातला.

"बंद करू नकोस!"

मी इतक्या जोरात ओरडले की रसवंतीतली दोन गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. पुस्तकात लिहिलं होतं: गाडी पार्कमध्ये ठेवा, इंजिन चालूच राहू द्या. इंजिन चालू असेल तरच तेल पुढच्या जाळीतून फिरतं आणि थंड होतं. बंद केलंत तर तापलेलं तेल आहे तिथेच बसून राहतं. काकाने हात काढला. एसी बंद केला, काचा खाली केल्या, बॉनेट उघडलं. खालून गोडसर जळका वास येत होता.

रसवंतीवाला बादली घेऊन आला. साठीचा असेल, डोक्याला ओला पंचा.

"चालू का ठिवलीय? बंद करा की."

"चालू ठेवायची आहे," मी म्हणाले.

"बाई, तापलेली गाडी चालू ठिवतंय व्हय कुनी? हितं रोज ट्रका उभ्या ऱ्हात्यात. आन् ही बादली वतू द्या खालनं, झटक्यात गार व्हईल."

तो वाकलाच होता. काकाने त्याला अडवलं नाही. काका माझ्याकडे बघत होता, आणि त्याला बादलीवर विश्वास ठेवायचा होता हे मला दिसत होतं. त्याने आयुष्यभर ट्रॅक्टर असेच गार केले. मी उतरून बादलीच्या आड उभी राहिले. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर तो तडकतो, एवढं मला पुस्तकाशिवायही माहीत होतं.

"लई शिकलेल्या दिसत्यात," रसवंतीवाला काकाला म्हणाला आणि ती बादली स्वतःच्या पायांवर ओतून निघून गेला.

बारा चाळीसला आम्ही थांबलो होतो. मी घड्याळ बघत होते, काका दिवा बघत होता. ओरडताना मला खात्री होती, पण दहा मिनिटं गेली तरी दिवा लालच होता आणि माझी खात्री सुटत गेली. पुस्तक लिहिणारा माणूस कधी मे महिन्यात करंजीच्या पायथ्याशी उभा राहिला असेल का? त्याने "दिवा विझेपर्यंत थांबा" लिहिलं होतं, किती वेळ ते लिहिलं नव्हतं. मी परिच्छेद पुन्हा वाचला, भलत्याच दिव्याचा तर नाही ना म्हणून मागचं-पुढचं पानही वाचलं. हात घामाने ओले होते, पानाचा कोपरा विरघळल्यासारखा झाला.

काकूचा पुन्हा फोन. "कुठवर आलात?"

"करंजीत. गाडी तापली आहे. अजून थोडा वेळ लागेल."

ती म्हणाली, "पन्नासच्या वर गेलेत, आई. आता मोजत न्हाई मी."

बारा एकोणसाठला दिवा विझला. काका बॉनेट आपटून आत बसला. मी माझ्या बाजूचं दार उघडंच धरून ठेवलं.

"बस ना आई!"

"अजून थोडं थांबू."

"विझलाय दिवा! तुझ्या पुस्तकात काय लिवलंय, विझेपर्यंत ना?"

मी हो म्हणायला हवं होतं. पुस्तकात तेवढंच होतं. पण दिवा नुकता विझला म्हणजे तेल लाल रेघेच्या जेमतेम खाली आलं होतं, आणि पुढे सगळा चढ होता. घाटात थांबायला कडेला जागा नाही. मधल्या वळणावर गिअरने सोडलं तर मागे बिनब्रेकची ट्रॉली, तिच्यामागे उसाचा नाहीतर वाळूचा ट्रक. मला ते सगळं एका चित्रासारखं दिसत होतं: ट्रॉली आडवी होते आहे, आम्ही तिच्यामागे ओढले जातो आहोत.

"पुस्तकात लिहिलं आहे," मी म्हणाले. "विझल्यावरही थोडं थांबायचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी आठ मिनिटं मोजली. आठच का, हे मला आजही सांगता येणार नाही.

घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. गाडीला स्वतःचं स्वतः ठरवू द्यायचं नाही, हे मात्र खरंच पुस्तकातलं होतं. ताशी वीस-पंचवीस. मागे हॉर्नची रांग लागली, एक टेम्पोवाला शिवी देऊन पुढे गेला. उघड्या काचांतून भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा येत होता. मी रस्ता पाहिलाच नाही, दिवा विझलेल्या त्या काळ्या जागेकडे पाहत राहिले. वळणावर ट्रॉलीची साखळी खणखणली की माझे पाय आपोआप ब्रेक दाबायचे, समोर ब्रेक नसताना. दिवा लागला नाही. वर आलो तेव्हा काकाने गिअर पुन्हा गाडीवर सोपवला.

शेडच्या दाराशी पोचलो तेव्हा ती घरघर अगदी कमी झाली होती. पक्ष्यांमध्ये धापा टाकायचंही त्राण उरलं नव्हतं. जनरेटर जोडायला दहा मिनिटं लागली. पंखे फिरले, फवारा सुटला, आणि जे पक्षी जिवंत होते त्यांनी माना वर केल्या. बाकीचे भिंतीच्या कडेने पांढऱ्या ढिगासारखे पडले होते.

संध्याकाळपर्यंत आम्ही मेलेले पक्षी पोत्यांत भरत होतो. सहाशे चाळीस. काकूने बांधाजवळ खड्डा खणून घेतला होता, चुन्याची पिशवी तयार होती. शेजारच्या मळ्यातल्या बाई बघायला आल्या, तर काकू त्यांना म्हणाली, "आईंनी पुस्तक बघून गाडी थांबवली म्हणून. न्हाईतर घाटातच अडकली असती आन् सगळेच गेले असते."

त्या बाई गेल्या. मला ते कौतुक गिळवेना.

"दिवा विझल्यावर मी आठ मिनिटं जास्त थांबवलं," मी म्हणाले. "ते पुस्तकात नव्हतं. मी खोटं सांगितलं."

काका पोत्याचं तोंड बांधत होता, तो थांबला. काकूने कपाळावरचा घाम कोपराने पुसला.

"मग कशाला थांबवलं?" काकाने विचारलं.

"भीती वाटली. घाटाची."

"आठ मिनिटांत किती पडले असतील?" काकू म्हणाली. तिच्या विचारण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ती आकडेमोड मी नंतर बऱ्याचदा केली आहे, दर वेळी उत्तर वेगळं येतं.

काका म्हणाला, "मी तर थांबलोच नसतो. विझल्या विझल्या निघालो असतो." पोत्याची सुतळी ओढत म्हणाला, "आन् मग काय झालं असतं, ते मला बी म्हाईत न्हाई."

त्याने गाठ पक्की केली आणि पुढचं पोतं घ्यायला गेला. काकू भरलेल्या पोत्याशी वाकली. ते तिला एकटीला उचलणार नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "त्या टोकाला धरा."