वाकडं चाक

शाळेत आम्ही तिला खुडबुडी म्हणायचो. वर्गातलं घड्याळ बंद पडलं, की शिपाई येईपर्यंत तिने ते बाकावर उघडलेलं असायचं. आता ती पन्नाशीला आली आहे आणि जिन्याखालच्या खोलीत वाद्यांची यंत्रं दुरुस्त करते.

एका सोमवारी तिच्याकडे गिटारवाला त्याचं जुनं एको-यंत्र घेऊन आला. आत टेपचं एक वेटोळं फिरायचं आणि गिटारचा प्रत्येक सूर किंचित थरथरत परत यायचा. त्या थरथरीवरून लोक त्याला डोळे मिटून ओळखायचे. यंत्र अडकत होतं. हिने मन लावून साफ केलं, टेप नवी घातली, झिजलेलं चाकही बदललं.

बुधवारी त्याने वाजवून पाहिलं आणि गिटार खाली ठेवली.

"ताई, हा मी नाही."

"वीस वर्षांचा मळ काढलाय."

"मळासकट आणलं होतं मी. शनिवारी कार्यक्रम आहे."

तिने वाद घातला नाही. "चूक माझी. शनिवारी सकाळी या."

जुनी टेप कचऱ्याच्या गाडीत गेली होती. मग तिने नव्या टेपा बोटांनी चोळल्या, गरम पेल्याभोवती ताणल्या. तीन तुटल्या. चौथी नुसतीच घरघरली.

"किती वेळ तेच तेच बोलतंय हे," नवरा म्हणाला. "अगदी तुझ्या आईसारखं."

"आईचं तरी तू ऐकायचास. आता जरा गप्प बस."

शुक्रवारी तिने गिटारवाल्याची जुनी कॅसेट लावली आणि थरथर बोटांवर मोजली. यंत्रातल्या टेपचा एक फेरा व्हायला लागतो तेवढ्या वेळात सूर सात वेळा हलत होता. दोष टेपचा असता, तर फेऱ्याला एकदाच हलला असता. म्हणजे हे काम टेपहून भराभर फिरणाऱ्या कशाचं तरी होतं.

धातूची वस्तू ती कधी टाकत नाही. जुनं चाक बिस्किटांच्या डब्यात सापडलं. एका बाजूने झिजून ते जरासं लांबट झालं होतं. तिने ते पुसलंसुद्धा नाही, तसंच बसवलं.

शनिवारी गिटारवाल्याने एकच सूर छेडला. सूर थरथरत परत आला, तसा तो हसला आणि खुर्ची ओढून वाजवतच बसला.

"पुरे, तारा संध्याकाळसाठी ठेवा," ती म्हणाली. यंत्र बंद करण्याआधी तिने झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहिलं: 'चाक वाकडं आहे. बदलू नये.'