मुठीतलं गवत आणि न लागणारा फोन

केडगावच्या आमच्या घरात वरच्या खोलीत इथिओपियाचा एक विद्यार्थी भाड्याने राहतो. ओरोमो समाजाचा. शेतीत पीएच.डी. करतो आणि मराठी माझ्या पुण्यातल्या भाच्यांपेक्षा बरी बोलतो. पावसाळा सरला की त्यांचा आभार मानायचा सण येतो, त्याला भरलेली नदी किंवा तळं लागतं. म्हणून मी आणि बायको त्याला तिच्या माहेरी, पुणतांब्याला घेऊन गेलो.

वाटेत तो सारखा बहिणीला फोन लावत होता. तिकडे इथिओपियात या सणाला तळ्याकाठी अफाट गर्दी जमते, घोषणा होतात; एका वर्षी चेंगराचेंगरीत माणसं गेली होती. बहीण सकाळीच तिथे गेलेली. फोन बंद.

गोदावरीच्या काठावर तो वाकला, गवत उपटलं, मुठीत धरून पाण्यात उतरला. आमच्याकडे माणूस गवत हातात घेऊन नदीत उतरतो तो दहाव्यालाच. म्हणजे निरोप आला तर! मी पँटसकट गुडघाभर पाण्यात गेलो, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रडायलाच लागलो.

"काका, काय झालं?"

"कधी कळलं रे तुला?"

काठावरून बायको ओरडली, "अहो, पोरगं गवत घेऊन देवाचे आभार मानतंय! तुमी कुनाला पोचवताय?"

तो हसला, पण अर्धाच. पायरीवर बसून म्हणाला, "आजोबा सांगायचे, राजाच्या फौजेनं आमची जमीन घेतली. त्यांना जमीन परत हवी होती. तीच गोष्ट ऐकून वडिलांच्या पिढीनं शाळेत आपली भाषा मागितली. आता बहीण तीच गोष्ट सांगते आणि म्हणते, आमचा कारभार आमच्या हातात द्या. माझा मित्र तर वेगळा देशच मागतो."

"आणि तू?"

"मला आज तिचा आवाज हवाय."

इतिहासावर बोलायची माझी छाती नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा घरच्या ग्रुपवर भांडणाऱ्या दोन्ही चुलत्यांना मी अंगठाच पाठवला होता.

तेवढ्यात फोन वाजला. तिचाच नंबर. तो नुसता बघत राहिला. "दुसरं कुणी बोललं तर?" म्हणाला आणि फोन माझ्या हातात कोंबला. माझा ओला अंगठा स्क्रीनवर चालेना. शेवटी बायकोनं उचलला. पलीकडे एका मुलीचा बसलेला आवाज. त्यानं झडप घालून फोन घेतला, दोन वाक्यं झाली आणि लाइन तुटली.

"बरी आहे. घोषणा देऊन घसा बसलाय. पुढच्या वर्षी तूही ये म्हणते."

"पुढच्या वर्षीचं राहू दे," बायको म्हणाली. "आत्ता घरी पोचली का ती?"

"नाही, काकू. अजून गर्दीतच आहे."

त्यानं पुन्हा फोन लावला. लागेना.