शेजारच्या टेबलावरचं ‘समजा’

“समजा,” असं म्हणून तो आपला मोबाइल उलटा फिरवायचा आणि समोरच्या माणसाच्या हाताशी सरकवायचा. पडद्यावर त्या माणसाचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जासाठी त्याची पत सांगणारा आकडा, आणि त्याखाली सरकवायच्या आडव्या पट्ट्या. “समजा, कार्डावरची उधारी तुम्ही निम्मी केली. सरकवा पट्टी. मी नाही, तुमच्याच बोटानं सरकवा.” माणूस भीत भीत बोट लावायचा, आकडा वर चढायचा, आणि त्याचा चेहरा असा काही खुलायचा की शेजारच्या टेबलावर माझ्या पोटात दुखायला लागायचं.

हसू नका, खरंच दुखायचं. कॅनडा कॉर्नर चौकाजवळच्या आमच्या छोट्या ऑफिसात लोकांना घरकर्ज मिळवून द्यायचं काम मी त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. कोणत्या बँकेत कोणता कागद आधी पुढे करायचा, हे मला तोंडपाठ. आणि नामपूरकडचा हा माणूस, माझ्याहून वयानं लहान, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला, कालपरवा येतो काय आणि दारातून आत आलेले लोक माझ्या टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर बसतात काय. तुमच्याही ऑफिसात असं एखादं टेबल असेल. तिथली खुर्ची कधी रिकामी नसते, आणि आपल्या समोरच्या खुर्चीवर आपणच पर्स ठेवून देतो.

मी त्याला ऐकवायचे. “तुमचं ते खेळणं नुसता अंदाज सांगतं. बँक स्वतःचा रिपोर्ट काढते. तिथं आकडा वेगळा निघाला तर?”

“निघतोच ताई,” तो शांतपणे म्हणायचा. “आकडा चुकतो. पण काय केलं की वर जातो आणि काय केलं की खाली येतो, ते सहसा चुकत नाही.”

“आणि बाकीचं सगळं आहे तिथंच राहील असं धरून चालतं ते.”

“हो.”

“राहतं का?”

“नाही राहत,” म्हणून तो हसायचा आणि माझ्यासाठीही चहा सांगायचा. भांडायला आलेल्या माणसाला चहा पाजण्याची ही सवय मला मुळीच आवडत नसे.

सिन्नरच्या कारखान्यात कामाला असलेला एक जण बायकोला घेऊन आला होता. चुकून आधी माझ्याकडे. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, “आणखी कुठलं कर्ज आहे का?” तो म्हणाला, “नाय मॅडम.” रिपोर्ट काढू म्हटलं तर म्हणाला, “नंतर काढू.” मग बायकोनंच शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं, “त्ये पट्टीवाले दादा ते का?” गेले तिकडे.

त्यानं काहीही विचारलं नाही. म्हणाला, “समजा, मोबाइलवरनं घेतलेलं एखादं बारकं कर्ज असेल. असतं कुणाचंही. ते फेडलं तर काय होतं बघू.” त्या माणसानं पट्टीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, “हाय तसं एक. हिला माहीत नाय.” मला वाटलं, आता इथंच महाभारत होणार. बायकोनं पदर सावरला, मोबाइलवर वाकली आणि विचारलं, “फेडल्यावर किती वाढतो?”

त्यांनी ते कर्ज फेडलं. बँकेच्या रिपोर्टमध्ये आकडा पट्टीनं दाखवला तेवढा वाढला नाही, आणि जो वाढला तोही उशिरा, कारण कर्ज देणाऱ्या कंपनीनं ते मिटल्याचं वेळेवर कळवलंच नव्हतं. मी हे त्याला लगेच दाखवून दिलं, तेही साहेबांच्या देखत. पण कर्ज मंजूर झालं. पेढ्यांचा पुडा त्याच्या टेबलावर आला आणि मला त्यातला एक मिळाला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

मात्र खरा घाव घातला तो माझ्या सख्ख्या भावानं. संजू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याला फ्लॅट घ्यायचा होता, आणि फाइल माझ्याच हातून जाणार असं मी घरी, दारी, सासरी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. एक दिवस तो ऑफिसात आला, मला “काय ताई” म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून शेजारच्या टेबलावर बसला. नंतर मला म्हणे, “तू कामात होतीस.” माझ्या हातात त्या वेळी भेळेचा कागद होता.

दोघांत काय बोलणं झालं, हे मी त्या पट्टीवाल्याला खोदून खोदून विचारलं. त्यानं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, “तुम्ही थेट विचारता ना ताई. तुमच्याशी खोटं बोलावं लागलं असतं त्याला. ते नको म्हणून इकडे बसला.” मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो रोज चहा सांगत राहिला आणि मी रोज तो गार करत राहिले.

आता त्याच्या स्वतःच्या घराचं सांगते. पाथर्डी फाट्याला त्यानं एक फ्लॅट बघितला होता, टोकन दिलं होतं. त्याच्या पगारात हप्ता बसायचा तर बँकेचा कमी व्याजाचा दर मिळायलाच हवा होता, आणि त्या दरासाठी स्कोअर एका रेषेच्या वर लागत होता. सकाळी टेबल पुसून झालं की तो आधी स्वतःच्या नावाची पट्टी सरकवायचा. “समजा, दिवाळीपर्यंत असंच चाललं...” असं स्वतःशीच म्हणायचा. स्वयंपाकघरासाठी पसंत केलेल्या फरशीचा एक तुकडाही त्यानं आणून टेबलावर ठेवला होता, कागद उडू नयेत म्हणून. फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची फरशी. माझ्या सासरच्या स्वयंपाकघरात अजून शहाबादी आहे. तो तुकडा मला फार आवडला होता, आणि त्याचाही मला राग यायचा.

आमच्याकडे कर्मचाऱ्याची स्वतःची फाइल दुसऱ्यानं बघायची पद्धत आहे. साहेबांनी त्याची फाइल माझ्याकडे दिली. बँकेचा रिपोर्ट आला. आकडा रेषेच्या चांगलाच खाली. त्याच्या मोबाइलवरचा आकडा मागच्या महिन्याचा होता, आणि मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. नामपूरच्या एका पिकअप गाडीच्या कर्जाला हा जामीन होता, आणि त्या गाडीचे हप्ते थकले होते.

मी रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला.

“मेहुण्याची गाडी,” तो म्हणाला. “कांदा मार्केटला न्यायला घेतली. मी फक्त सही केली होती.”

फक्त सही. आपल्याकडे जामिनाची सही म्हणजे साखरपुड्याला हजर राहण्यासारखी असते. नाही म्हटलं तर नातं तुटतं, आणि हो म्हटलं की माणूस घरी जाऊन विसरून जातो. कर्जं किती, असं विचारलं तर तिचं नाव कुणी घेत नाही. तो मात्र या धंद्यातला. दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये असं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी शोधून काढलं असतं.

या दिवसाची मी किती वाट बघितली होती, काय सांगू. मी म्हणाले, “का हो, तुमच्या पट्ट्यांत मेहुणा नव्हता वाटतं?”

तो रागावला नाही. फरशीचा तुकडा सरळ करत म्हणाला, “ताई, बाकी सगळ्याला समजा म्हणता येतं. बहिणीच्या घराबद्दल तसं म्हणवत नाही.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बहिणीचाच. तो खिडकीशी जाऊन बोलला, त्यांच्या अहिराणीत. “बठ्ठं बरं शे ना वं?” सगळं बरं आहे ना, असं विचारत होता. पलीकडून ती बराच वेळ बोलत होती. मेहुण्यानं पाठीच्या दुखण्यानं अंथरूण धरलंय, गाडी दारात उभी आहे, हे त्याला त्या फोनवर कळलं. त्यानं रिपोर्टचं नाव काढलं नाही, फ्लॅटचं तर नाहीच. “मनं काय, बरं शे,” माझं काय, बरं आहे, एवढंच म्हणाला.

माझा त्याच्यावरचा राग तिथेच संपला. हेवा मात्र संपला नाही. तो हेवा त्याच्या टेबलावरून उठला आणि नामपूरला त्याच्या बहिणीपाशी, त्या बाईपाशी जाऊन बसला. जिला मी कधी पाहिलं नाही, जिचं नावही मला माहीत नाही. माझा भाऊ मला टाळून शेजारच्या टेबलावर बसतो, आणि हिचा भाऊ हिचं वाईट होईल असं अंदाजातसुद्धा धरत नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन संजूला फोन लावला आणि त्यानं उचलायच्या आत ठेवून दिला.

महिनाअखेर तो नोकरी सोडून गेला. टोकन गेलं, फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला. आता नामपूरला ती पिकअप तोच चालवतो, कांद्याची खेप मारतो आणि हप्ते भरतो, असं साहेब सांगतात. जाताना टेबल स्वच्छ पुसून गेला. फरशीचा तुकडा मागे राहिला, तो मी माझ्या कागदांवर ठेवला. लोक अजूनही येतात, रिकाम्या खुर्चीकडे बघतात आणि विचारतात, “ते पट्टीवाले दादा कुठं गेले?” मी म्हणते, “बहिणीकडे गेलेत,” आणि पर्स उचलून समोरची खुर्ची मोकळी करते.

परवा संजू वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन आला. सवयीनं शेजारच्या टेबलाकडे वळला, तिथं कुणी नाही बघून थबकला.

“इकडे बस,” मी म्हणाले. “काही विचारणार नाही.”

तो बसला. मी त्याच्यासाठी चहा सांगितला. हाताला चाळा म्हणून त्यानं फरशीचा तुकडा उचलला, अंगठ्यानं पुसला.

“छान आहे गं. कुणाची?”

“नामपूरला एक बाई आहे,” मी म्हणाले. “तिच्या भावाची.”