एक जूनची मुलगी

आमच्या दुकानातल्या टेलर मास्तरांच्या मोठ्या मुलीचे वाढदिवस दोन. कागदावरचा एक जून आणि खरा तेवीस नोव्हेंबर. यात नवल काही नव्हतं. मास्तरांच्या गावच्या शाळेत अर्धा वर्ग एक जूनलाच जन्मला होता. पाच पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत घेत नसत. मग मुख्य बाई पालकांकडे बघायच्या, पालक बाईंकडे, आणि तारीख लिहून व्हायची. त्या शाळेच्या दाखल्यावर पुढे पासपोर्ट निघाला, पासपोर्टावर व्हिसा, आणि खरी तारीख घरात केक कापण्यापुरती उरली.

दुकान ड्रायक्लीनिंगचं. पुढे काउंटर, मागे माझं इस्त्रीचं टेबल, आणि खिडकीपाशी मास्तरांचं शिलाई मशीन. पँटची उंची कमी करा, कंबर सैल करा, चेन बदला, हे त्यांचं काम. मी बोलायचं आणि त्यांनी टाके घालायचे, अशी आमची वाटणी. मला इथलं नागरिकत्व मिळून अकरा वर्षं झाली, त्यामुळे कुणाचाही फॉर्म असला की तो माझ्या गळ्यात पडतो. एप्रिलमध्ये मास्तरही त्यांचा घेऊन आले.

कायदा सरळ होता. मास्तरांच्या नोकरीच्या परवान्याला नऊ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण होणार होती. त्यानंतर त्यांना कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येणार होता, आणि बायको व दोन्ही मुलांची नावं त्याच अर्जात. फक्त अर्ज जाईल त्या दिवशी मुलं अठराच्या आत हवीत. त्यापुढचं मूल मोठं माणूस, त्याने आपलं आपण बघावं.

मी पेन उघडून विचारलं, "मोठीची जन्मतारीख?"

"तेवीस नोव्हेंबर," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "नाही, थांबा. एक जून."

आम्ही दोघांनी बोटांवर मोजलं. खऱ्या तारखेने मुलगी सप्टेंबरात सतराची होती. कागदाने अठरा आणि वर तीन महिने. मास्तरांनी पुन्हा मोजलं. मग उठून मशीनवर जाऊन बसले. संध्याकाळी एक गिऱ्हाईक पँट परत घेऊन आलं. एका पायाचं तोंडच शिवून टाकलं होतं. मी हसले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. मास्तरांनी शिवण उसवून दिली आणि दिलगीर आहे म्हणाले.

त्यांच्या भावाने गावाकडे खटपट केली. महिन्याभरात नगरपालिकेचा जन्मदाखला आला. तेवीस नोव्हेंबर, गोल शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, सुटलो! गुरुवारी वाचनालयात एक वकीलबाई फुकट सल्ला देतात. मास्तरांना घेऊन मी गेले आणि बाईंपुढे तो दाखला जवळजवळ आपटलाच.

बाईंनी तो नीट वाचला. म्हणाल्या, "कागद चांगला आहे. पण पासपोर्ट, शाळा, व्हिसा, सगळीकडे जून आहे. आणि यांनी आत्तापर्यंत चार वेळा सही केलीये, की जून खरा."

"खरा नोव्हेंबरच आहे," मी म्हटलं.

"असेल. हा दाखला लावला तर मुलगी आत येईल, असं होऊ शकतं. किंवा ते विचारतील, मग चार वेळा खोटं का लिहिलंत? मग चौघांची फाइल अडकेल. कदाचित नकार येईल आणि चौघांना जावं लागेल. दोन्ही झालेलं मी पाहिलंय. मी सांगू शकत नाही."

मास्तरांनी विचारलं, "दाखला लावला नाही तर?"

"मग तिघांचं होईल. मुलीला शिक्षणापुरता वेगळा परवाना मिळेल, दोन वर्षांचा. संपला की परत."

रस्त्यात मी बडाबडा बोलले. दाखला लावाच म्हटलं. खरं सांगायला कसली भीती, म्हटलं. माझ्या खिशात पक्का पासपोर्ट, माझं काय जातंय बोलायला! हे मला घरी गेल्यावर कळलं आणि स्वतःचाच राग आला.

सप्टेंबरच्या आठ तारखेला मास्तर फॉर्म घेऊन इस्त्रीच्या टेबलाशी आले.

"घरी विचारलंत?"

"हिला विचारलं. ही म्हणाली, तुम्ही ठरवाल ते."

"आणि मोठीला?"

"तिला काय विचारायचं ताई? ती म्हणेल, माझं नाव काढा. मग आयुष्यभर ते तिने म्हटलेलं होईल."

त्यांनी 'सोबतची मुले' या रकान्यावर बोट ठेवलं. "एक लिहा," म्हणाले.

मी एक लिहिलं. अक्षर माझं आहे. त्यांनी खाली सही केली, शाई वाळू दिली, घडी घातली आणि विचारलं की निळ्या कोटाची बटणं आज हवीत की उद्या. मला वाटलं होतं मला रडू येईल. काही आलं नाही. मी इस्त्री तापली का ते बघितलं.

नोव्हेंबरात एका दुपारी वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, डबा द्यायला आल्या. मास्तर बँकेत गेले होते. वहिनी स्टुलावर बसल्या आणि मी काही विचारलं नसताना म्हणाल्या, "मोठी त्यांच्याशी बोलत नाही. म्हणते, बाबांनी खोटी तारीख दिली, त्याचं मी भोगतेय."

"खरंच आहे की," मी म्हटलं. मी तोंडाची फटकळच.

"तिच्याच हट्टाने झालं हो ते. साडेचार वर्षांची होती. शेजारची पोरं शाळेत जायला लागली, तर ही रिकामी पिशवी घेऊन रोज शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी. तीन दिवस जेवली नाही. आमचं मत होतं वर्षभर थांबू. चौथ्या दिवशी यांनी तिला कडेवर घेतलं आणि गेले बाईंकडे."

"मग सांगा की तिला!"

"शप्पथ घातलीये त्यांनी मला. म्हणतात, पोरीला एवढं ओझं नको. एवढ्याशा पोरीला काय कळत होतं." वहिनींनी डब्याचं झाकण उघडून बघितलं, परत लावलं आणि गेल्या.

त्याच आठवड्यात मोठी आली. शिक्षणाच्या परवान्याचा फॉर्म माझ्याकडून तपासून घ्यायचा होता. कॉलेजची बॅग पाठीला, केस कसेतरी बांधलेले. मास्तर मशीनवर होते. ती त्यांना पाठमोरी बसली.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. परवाना संपल्यावर तुम्ही कुठे परत जाल आणि तिथे तुमचं कोण आहे? तिने काकाचं नाव लिहिलं होतं.

"काकांना मी सातवीत असताना शेवटचं पाहिलंय," ती मला म्हणाली. "त्यांचा पत्ता आईला विचारून लिहिला." मग वळली. "बाबा, मी एक वर्ष घरी बसले असते तर काय बिघडलं असतं?"

मशीन थांबलं.

"सांगा ना. एवढी कसली घाई होती तुम्हाला?"

माझ्या तोंडात आलंच होतं सगळं. फाटक, पिशवी, तीन दिवस. मी "अगं," एवढं म्हटलंसुद्धा. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नको अशी मान हलवली, अगदी थोडी. मी तिचा फॉर्म पुढे ओढला.

"मला होती घाई," ते तिला म्हणाले. "शेजारच्यांची पोरं जात होती. मला वाटलं, आपली मागे का राहावी."

"म्हणजे शेजाऱ्यांना दाखवायला."

"हो," मास्तर म्हणाले, आणि पुढची पँट ओढून घेतली.