राजा न उमटलेली पावली

मळवलीच्या श्रीपती तिकोण्यांच्या हातात जुनं नाणं दिलं की ते आधी त्याची कड बघतात. मग ते तिरकं करून उजेडाला धरतात. किती आण्यांचं, कुठल्या सालचं, हे सगळ्यात शेवटी. ही सवय लोणावळ्याच्या एका वर्कशॉपमधली. तिथं त्यांची सगळी नोकरी डाय बनवण्यात गेली. पोलादाच्या ठोकळ्यात आकार उलटा कोरायचा, म्हणजे त्याखाली दाबलेल्या पत्र्यावर तो सुलटा उमटतो. नाणंही असंच पाडतात. त्यामुळे इतरांना नाणं दिसतं तिथं श्रीपतींना डाय दिसते, ती नवी होती की झिजलेली, दाब पुरेसा बसला होता की कमी.

निवृत्तीनंतर त्यांनी निकेलच्या पावल्या, म्हणजे जुनी चार आण्यांची नाणी, जमवायला घेतल्या. फक्त पावल्या. चांदी मऊ असते, तिच्यावर कुणीही काहीही उमटवेल. निकेल डायचा कस काढतं, असं त्यांचं म्हणणं. एका बाजूला इंग्रजांचा राजा आणि दुसऱ्या बाजूला चालणारा वाघ असलेल्या स्वातंत्र्याच्या आसपासच्या पावल्या त्यांनी वेगळ्या लावल्या, त्यानंतरच्या अशोकस्तंभाच्या सिंहांच्या वेगळ्या. सिंहांतही कुठे सिंह मोठे, कुठे लहान. कुठे सनाजवळ टाकसाळीची बारीक खूण, कुठे काहीच नाही. प्रत्येक प्रकाराला लाकडी ट्रेमध्ये एक गोल खाच आणि खाली कार्ड. सून अनिता लोणावळ्याची. ती म्हणते, "बाकीचे लोक पैसे जमवतात. आमचे आबा बंद पडलेले जमवतात."

पावल्या मिळवायची त्यांची रीतही वेगळी होती. स्कूटरला मागे धार लावायचं चाक बांधून ते लोहगडवाडीकडे आणि वरच्या वस्त्यांवर जात, कोयते-विळ्यांना धार लावून देत आणि पैशांऐवजी घरातली जुनी नाणी मागत. पुष्कळ नाण्यांना भोक असे, कारण ती दोऱ्यात ओवलेली असत. भोक श्रीपतींना बघवत नसे. मोडक्या पावलीतून निकेलचा बारीक तुकडा काढून ते भोक बुजवायचे, झाळ देऊन तो पक्का जोडायचे आणि पॉलिश करायचे. कार्डावर मात्र 'बुजवलेले' असं लिहायचे. लपवाछपवी त्यांच्यात नव्हती.

अशाच एका बुजवलेल्या पावलीवर त्यांचा सगळ्यात जीव होता. तिच्यावरचा वाघ पट्ट्यापट्ट्यांनिशी धारदार उमटलेला. उलट्या बाजूला काठाची अक्षरं ठीक, पण मधला राजा नाहीच. नाकाडोळ्यांच्या जागी गुळगुळीत फुगवटा. श्रीपतींचा निष्कर्ष असा की दाब कमी पडला आणि राजाच्या डायमध्ये मधोमध धातू चढलाच नाही. असं होतं, वर्कशॉपमध्ये त्यांनी कितीदा पाहिलेलं. नीट उमटली नाही म्हणून कुणीतरी तिला भोक पाडून टाकलं असणार. हा प्रकार त्यांच्याजवळच्या कॅटलॉगमध्ये नव्हता. पुण्यात नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन रविवारी होतं. त्यासाठी त्यांनी ती पावली वेगळ्या डबीत ठेवली होती आणि कार्ड लिहिलं होतं: राजा न उमटलेली पावली.

त्याच आठवड्यात वरच्या वस्तीवरच्या पुतळाबाई आल्या. त्यांचा मुलगा दत्ता यानं मागे दोन कोयत्यांच्या धारेपायी श्रीपतींना मूठभर नाणी दिली होती. त्यांत एक पावली देवाची होती, ते आत्ता कुठे घरात उघड झालं होतं.

"भाऊ, आमचा वाघोबा तुमच्याकडं हाय," त्या ओट्यावर टेकत म्हणाल्या. "त्यो न्यायला आले."

दत्ताची मुलगी करिष्मा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगी झाली होती. उद्या पाचवी. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा पुजतात तेव्हा त्यांच्या घरात पाट्यावर ही पावली ठेवतात आणि मग काळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या कमरेला बांधतात, वाघ बाहेरच्या अंगाला. पुतळाबाईंच्या कमरेला ती होती, मग त्यांच्या मुलांच्या, मग करिष्माच्या.

अनितानं पाणी आणून दिलं. वाघाच्या पावल्या घरात भरपूर आहेत, त्यांतली एखादी चांगली घेऊन जा, असं तिनं सुचवलं.

"तुमच्या देव्हाऱ्यातला देव देता का बदलून?" पुतळाबाई म्हणाल्या. "समदे सारखेच की."

श्रीपतींनी वाघांचा ट्रे आणला. पुतळाबाईंनी एकेक पावली उचलली, फिरवली, परत ठेवली. भोक कुठेच दिसेना. ती सगळी मीच बुजवली, असं श्रीपतींनी सांगितल्यावर त्यांनी ट्रे बाजूला सारला.

"मावशी, दुसरी काय खूण?" अनितानं विचारलं.

"राजाचं त्वांड न्हाई त्याला."

श्रीपतींनी ट्रे मांडीवर घेतला. तसलं नाणं टाकसाळीतच कच्चं पडतं, दाब कमी बसतो, असं ते हळूहळू समजावू लागले. पुतळाबाईंनी त्यांना पुरं बोलू दिलं.

"टाकसाळीचं मला काय ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "पोराला न्हाऊ घालताना आतली बाजू राखंनं घासायची, अंगाला लागती म्हून. वाघाला घासायचं न्हाई, देव हाय त्यो. माज्या आयनं घासलं, मी घासलं, सुनंनं घासलं. राजा जाणारच की."

श्रीपतींना भोक आठवलं. बुजवताना ते गोल नव्हतं, काठाकडे लांबट ओढल्यासारखं होतं, त्यामुळे तुकडा बसवायला त्रास झाला होता. भोक पाडणाऱ्याचा हात वाकडा, असं तेव्हा ते म्हणाले होते. आता कळलं, तो दोऱ्याचा ताण होता, किती वर्षांचा कोण जाणे. न उमटलेल्या जागी मूळ पत्र्याचा खरखरीतपणा राहतो, झिजलेल्या जागी राहत नाही. हा फरक भिंगाखाली दिसला असता. पण भिंग लावायच्या आधी त्यांनीच तिथं पॉलिश फिरवलं होतं.

डबी आतल्या कपाटात होती आणि पुतळाबाईंना तिचा पत्ता नव्हता. श्रीपती उठले, त्यांनी डबी आणली आणि पावली त्यांच्या तळहातावर ठेवली. पुतळाबाईंनी ती उलटी करून राजाच्या जागेवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली.

मागच्या पडवीत श्रीपतींचं ड्रिल मशीन आहे. स्वतःची झाळ त्यांना नखानं सापडली. तिथंच त्यांनी भोक पाडलं, दोरा कातरू नये म्हणून दोन्हीकडच्या कडा मारल्या, आणि बुरा फुंकून पावली दिली.

पुतळाबाईंनी ती उजेडाला धरली. "लय गोल पाडलंत. ऱ्हाऊ द्या, दोरा करील बराबर."

रविवारी श्रीपती प्रदर्शनाला गेले. मांडलेल्या नाण्यांत ती डबी रिकामीच होती. तिच्याखालचं कार्ड त्यांनी काढलं नव्हतं, फक्त 'न उमटलेली' खोडून वर 'घासलेली' लिहिलं होतं. येणारे जाणारे तिथं थांबत आणि नाणं कुठे आहे असं विचारत.

"वापरात हाय," श्रीपती सांगत.