मधला अर्धा तास

सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी गंगम्मा टॉवेलच्या कडा शिवते. ती एका छोट्या पतसंस्थेची सभासद आहे. तिनं आजवर कधी भाषण केलेलं नाही. तरी संस्थेत तिला मान आहे, तो वार्षिक सभेमुळे. खरं तर सभेच्या आधीच्या अर्ध्या तासामुळे.

पुरेसे सभासद वेळेवर कधीच येत नाहीत. मग अध्यक्ष अण्णाराव घंटी वाजवून सांगतात, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासानं याच जागी पुन्हा भरेल." दुसऱ्या खेपेला कितीही माणसं चालतात, असा नियमच आहे. कुणी जागचं हलत नाही. उपमा येतो, अण्णाराव बशी घेऊन स्टेजवरून खाली उतरतात आणि गंगम्मा त्यांच्या शेजारी खुर्ची ओढते.

दुपारी जेवणाच्या वेळेत पैसे भरायची खिडकी उघडी राहू लागली ती अशीच. वारलेल्या जामीनदाराच्या जागी सून चालेल, हेही असंच ठरलं. इतिवृत्तात यातलं काहीच नाही, कारण त्या वेळी सभा नसते.

यंदा सरकारनं पतसंस्थांचे नियम फेरतपासणीला घेतले. कोणते ठेवावेत, कोणते काढावेत, यावर संस्थांची मतं मागवली. व्यवस्थापक बसवराजनं ठरावाचा मसुदा केला: या अर्ध्या तासात कोणतंही कामकाज होत नाही, सबब अर्धा तास थांबण्याची ही अट रद्द करावी.

गंगम्माला हे कळलं तेव्हा ती मशीनवरून उठली. घरोघर जाऊन तिनं बायकांना बजावलं, "हात वर करायला या. आन् वेळेवर या, न्हायतर ठराव होऊन जाईल."

सगळ्या वेळेवर आल्या. बसवराजनं सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. संस्थेत पहिल्यांदाच गणपूर्ती झाली होती. अण्णारावांनी घंटी वाजवून लगेच सभा सुरू केली. उपमा झाकून ठेवला.

मसुदा वाचून झाला. "कुणाला काही बोलायचंय?" अण्णारावांनी माईकवरून विचारलं. सगळ्या गंगम्माकडं बघू लागल्या.

"अण्णाराव, खाली या की," ती म्हणाली.

"सभा चालू आहे, गंगम्मा."

"म्हणून तर. वर असला की तुमी 'पुढं बघू' म्हणता. खाली आला की बघता."

"व्हय की! वर त्यास्नी ऐकूबी कमी येतंय," मागून एक म्हातारी ओरडली.

मतदान झालं. अट कायम ठेवावी, असं ठरलं.

"कारण लिहावं लागतं," बसवराज म्हणाला. "मावशी, त्या अर्ध्या तासात नेमकं होतं काय?"

"लिवा, अध्यक्ष खाली बसतात."

"'सभासदांत मिसळतात' असं लिही," अण्णाराव म्हणाले.

"मिसळत न्हाईत. बसतात."

तेच लिहिलं गेलं.

मग गंगम्मानं यंदाचं काम काढलं. संस्था पहिल्या मजल्यावर, जिन्याला कठडा नाही, म्हाताऱ्या पडतात.

"ऐनवेळचा विषय आहे," अण्णाराव माईकवरून म्हणाले. "लेखी द्या. पुढच्या बैठकीत बघू."

संस्थेचं मत सरकारकडं गेलं आहे, उत्तर आलेलं नाही. गंगम्मा पुन्हा घरोघर फिरते आहे. पुढच्या सभेला कुणीही वेळेवर यायचं नाही, असं ती प्रत्येकीकडून वदवून घेते.